उबिन बेटावरील शाळा

कोकणातील खेड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना गावची शाळा म्हणजे काय हे सांगावयास नको. माझ्या आईच्या वेळी आमच्या गावची शाळा लोकल बोर्डाची होती. माझ्या वेळी ती जिल्हा परिषदेची झाली होती. मधल्या काळात कायदे बदलले, दारावरची पाटी बदलली, परंतु फळ्यावरची भाषा मराठीच राहिली. पुढे अध्यापन पदविकेच्या वर्गात ‘शिक्षण मातृभाषेतून’ हे तत्त्व शिकविले गेले, तेव्हा त्यात वाद घालण्याजोगे काही आहे असे आम्हां कोणासच वाटले नाही.

यजमानांच्या नोकरीमुळे गेली काही वर्षे आमचे वास्तव्य सिंगापुरात आहे. या शहरात आता खेडी जवळजवळ उरलेली नाहीत. परंतु ईशान्येस चांगीच्या धक्क्यावरून मोटरबोटीने थोडक्या वेळात उबिन नावाच्या बेटावर जाता येते. पत्र्याच्या छपरांची काही घरे, नारळी आणि जुन्या ग्रॅनाइटच्या खाणी तेथे अजून दिसतात. हॉर्सबर्ग दीपगृह 1851 साली पुरे झाले, त्याचा दगड याच बेटावरचा. खाणकामगार, शेतकरी व कोळी अशी चिनी आणि मलाय कुटुंबे येथे राहत. त्या बेटावरील शाळेची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते, कारण तिच्यात आपलीही एक हकीकत दडलेली आहे.

शाळेचे नाव बिन किआंग. 1952 साली ती चिनी समाजाच्या वर्गणीतून उभी राहिली. तत्पूर्वी मुलांचे वर्ग चिनी नाटकांच्या रंगमंचावर आणि दुकानांतून भरत. शिक्षण चिनी भाषेत चाले. एके काळी येथे सुमारे 400 मुले शिकत. मलाय मुलांसाठी बेटावर वेगळी शाळा होती.

गावकऱ्यांना स्वतःच्या पैशाने शाळा का बांधावी लागली? ब्रिटिश सरकार मलाय मुलांना त्यांच्या भाषेत मोफत प्राथमिक शिक्षण देई आणि इंग्रजी शाळांना साहाय्य करी. चिनी व तमिळ शाळा बहुतांशी त्या त्या समाजावर सोपविलेल्या होत्या. 1920 साली शाळांच्या नोंदणीचा कायदा आला. त्यामागे शाळांच्या भल्यापेक्षा चिनी शाळांतील राजकारणावर नजर ठेवण्याचा हेतू अधिक होता. युद्धानंतर 1947 साली सरकारने दहा वर्षांची योजना आखली आणि आईबाप निवडतील त्या भाषेत सहा वर्षांचे मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचे धोरण जाहीर केले.

येथे आपल्या वाचकांना आपुलकी वाटेल असे एक नाव येते. 1955 साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल हे बगदादी ज्यू कुटुंबातील. चिनी शाळांतील विद्यार्थ्यांचा असंतोष रस्त्यावर आला असता त्यांच्या सरकारने त्याच वर्षी चिनी शिक्षणाचा विचार करण्यासाठी सर्वपक्षीय समिती नेमली. इंग्रजी, चिनी, मलाय आणि तमिळ या चारही भाषांतील शाळांना समान वागणूक मिळावी आणि प्रत्येक मुलाने दोन भाषा शिकाव्यात, अशी शिफारस तिने 1956 साली केली. मार्शल यांनी त्याच वर्षी पद सोडले. पण 1957 चा शिक्षण कायदा या शिफारशींवर उभा राहिला. 1960 साली प्राथमिक शाळेची अखेरची परीक्षाही चारही भाषांत सुरू झाली. अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या माणसाच्या कारकिर्दीत इतरांच्या भाषांना न्याय देण्याची सुरुवात व्हावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उबिनच्या शाळेलाही या बदलाचा लाभ झाला. सरकारने तिची व्यवस्था हाती घेतली, नवी पुस्तके आली, इंग्रजीचे तास सुरू झाले. कायद्याने जे द्यावयाचे ते सारे दिले. तरीही शाळा जगली नाही.

1959 साली पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी चिनी माध्यमात जात. 1978 साली दहांत जेमतेम एक. चिनी शाळेत मूल घालू नका, असा हुकूम कोणी काढला नव्हता. परंतु कारखाने, बँका आणि कचेऱ्या यांचे दार इंग्रजीने उघडत होते आणि आईबापांनी ते पाहिले होते. आणखी एक अडचण होती. बहुतेक चिनी घरांत होक्कियन, तिओच्यू अशा बोली बोलल्या जात आणि शाळेत मँडरिन शिकावी लागे. दोन्ही भाषा मुलांना नीट येत नाहीत, हे 1979 च्या गोह केंग स्वी यांच्या अहवालाने स्पष्टपणे मांडले. 1983 च्या अखेरीस सरकारने जाहीर केले, की 1987 पासून सर्व शाळांत इंग्रजी ही प्रथम भाषा राहील. तोवर उमर पुलवर ही सिंगापुरातील शेवटची तमिळ शाळा 1982 साली बंद झाली होती. उबिनवरील तरुण कुटुंबे मुख्य बेटावर निघून गेली, पट रोडावत गेला आणि 1985 साली बिन किआंग शाळेला कुलूप लागले. 2000 साली इमारतही पाडण्यात आली. म्हणजे सर्वांवर इंग्रजी बंधनकारक होण्याच्या दोन वर्षे आधीच शाळा संपली होती. कायद्याने फक्त झालेल्या गोष्टीवर शिक्का मारला.

त्या आईबापांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. त्यांनी केला तोच हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांनी इस्रायलमध्ये उतरल्यावर केला. 1949 च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने मुले शाळेत गेली, हिब्रू शिकली, सैन्यात आणि नोकरीत मानाने उभी राहिली. याहून वेगळे व्हावे असे कोण म्हणेल? परंतु या हिशेबात एक रक्कम मांडायची राहून गेली. माझ्या आईने दिमोना येथील माझ्या बहिणीला वर्षानुवर्षे लिहिलेली पत्रे बहिणीने जपून ठेवली आहेत. त्यांत नौगावची वर्णने आहेत, मलिद्याची तयारी आहे, कोणाचे लग्न कोठे जुळले ते आहे. माझ्या भाच्यांना त्यातील एक ओळही वाचता येत नाही. आजी काय म्हणत होती हे त्यांनी मला फोनवरून विचारावे आणि मी हिब्रूचे चार शब्द जुळवून सांगावे, अशी आमची स्थिती आहे.

मग उपाय काय? सिंगापूरच्याच इतिहासात एक धडा सापडतो. येथील शाळांत भारतीय भाषा म्हणून पूर्वी फक्त तमिळ होती. 1990 च्या सुमारास बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू यांनाही द्वितीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. वर्ग चालविण्याचा, शिक्षक मिळविण्याचा भार मात्र त्या त्या समाजांनी उचलला. सुटीच्या दिवशी मुले तेथे जातात. त्या यादीत मराठी नाही. म्हणून येथील बहुतेक मराठी मुले शाळेत हिंदी घेतात, आणि मराठी शिकतात ती केवळ ज्यांच्या घरी कोणी हट्टाने बसवितो तीच.

आपल्या समाजाला हा भार उचलणे नवे नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत इस्रायली शाळा काढली, ती सरकारच्या हुकमाने नव्हे. पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेलेली हीच ती शाळा. तेव्हा आपल्यासमोर प्रश्न हिब्रू मुलांपर्यंत कशी न्यावी हा होता. आज तोच प्रश्न मराठीबाबत उलटा उभा आहे.

नवी शाळा काढा असे मी म्हणत नाही. तेवढी मुले नाहीत आणि त्यांच्या पाठीवर आणखी ओझेही नको. शिक्षिकेच्या अनुभवावरून एवढेच सुचविते, की बाराखडी आणि रोजच्या वाचनापुरती ओळख आठवड्याला एक तास दिला तर वर्षभरात होते. शब्बाथच्या दिवशी आपण लिहीत नाही, पण वाचावयास मनाई नाही. दुपारच्या जेवणानंतर घरातले एखादे जुने पत्र काढावे, नातवंडाला जवळ बसवावे आणि बोट ठेवून दोन ओळी वाचून दाखवाव्यात. तिसरी ओळ त्याला वाचू द्यावी.