दादर ते परळ, व्हाया गुळवेल

शनिवारी सकाळी सात वाजता दादरला उतरायचं म्हणजे वीकेंडच्या झोपेवर पाणीच! पण स्टेशनबाहेर फुलबाजाराचा ओला वास आला, की आपला मूड एकदम फ्रेश. झेंडूच्या ढिगांपलीकडे बेल, दुर्वा, आघाडा घेऊन पालघर-कसाऱ्याकडच्या मावश्या बसल्या होत्या. त्यातल्या एकीकडे गुळवेल दिसली.

"कडुनिंबावरची हाय ताई, घे." कडुनिंबावर चढलेली वेल औषधाला सगळ्यात चांगली, हे आमच्या लालबागच्या आजीचंही ठाम मत होतं. चाळीत कुणाला ताप आला, की ती अंगठ्याएवढं जाड कांड ठेचून पाण्यात उकळायची. चार कपांचा एक कप उरला की काढा तयार. कडूजहर! पण ताप उतरला की काढा बंद, हा तिचा नियम.

नेमका तोच नियम आम्ही २०२० मध्ये विसरलो. इम्युनिटीच्या नादात बाबा चार महिने रोज ग्लासभर काढा प्यायले. मग भूक गेली, डोळे पिवळे झाले, लिव्हरचे आकडे भलतेच वर. डॉक्टरांनी काढा थांबवला आणि आकडे हळूहळू खाली आले.

जुडी पिशवीत टाकून मी टिळक ब्रिजवरून, हिंदमातामार्गे चालत परळला गेले. समोर १९२६ सालचं केईएम. गंमत बघा, इथेच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर संशोधन केलं. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० पेशंट्सचा त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. ऑपरेशनआधी नेहमीच्या उपचारांना गुळवेलीची जोड मिळालेल्यांमध्ये जंतुसंसर्गाचा त्रास कमी दिसला. पण तिथे डोस मोजलेला होता आणि डॉक्टरांचं लक्ष होतं.

२०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंट्सची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. त्या वेलीच्या कांडावर गाठीच गाठी असतात. बाबांच्या ग्लासात कुठली होती, आता कोण सांगणार?

तेव्हा मंडळी, गुळवेल जरूर घ्या, पण वैद्यांना विचारून, मोजक्या दिवसांसाठी. लिव्हरचा त्रास किंवा रोजच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. "घरचंच आहे, त्यात काय सांगायचं" असं म्हणून गप्प बसू नका.

परळहून आणलेलं कांड मी बाल्कनीतल्या कुंडीत खोचलं. महिन्याभरात बदामाच्या आकाराची पानं फुटली. बाबा रोज सकाळी ग्लासभर पाणी घेऊन तिथे जातात आणि ते वेलीला घालतात.