शीरखुर्म्यातल्या चारोळीचं झाड

ढाणकीहून बिटरगावकडे निघालं की सागाचं जंगल लागतं. हे पैनगंगा अभयारण्य. सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचं, तिन्ही बाजूंनी पैनगंगेने वेढलेलं. मे महिन्यात फज्रची नमाज अदा करून आम्ही सहकुटुंब निघालो. वन विभागाची परवानगी घेतली होती, सोबत वाटाड्या होता. पायवाट ओढ्याकाठाने जाते, माळावरून वळते आणि फिरून नाक्याशीच येते.

माळावर वाटाड्या एका झाडापाशी थांबला. मगरीच्या पाठीसारखी साल, काळपट जांभळी फळं. हा चार! खाली पडलेलं फळ त्याने दगडाने फोडलं. टणक कवचातून चारोळीचा दाणा निघाला. ईदच्या शीरखुर्म्यात आपण घालतो तीच चारोळी. मुलं बघतच राहिली.

चारोळीला भाव चांगला. म्हणून अनेक ठिकाणी फळं कच्चीच ओरबाडतात, फांद्याही तोडतात. झाडाची वाढ संथ, त्यामुळे चार विरळ होत चालला आहे. अभयारण्यात त्याची फळं पाखरं आणि अस्वलं खातात, बिया दूरवर पडतात.

पाखराने खाल्लेल्या फळाचाही सवाब झाड लावणाऱ्याला मिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बांधावर चार उभा असेल, तर निदान तो राखू या.