मोरीतला नळ

हत्यारे हाताळण्यात आपण तरबेज आहोत अशी माझी एक समजूत आहे. घरात दुसऱ्या कुणाचीही ती नाही. त्यामुळे गिरगावातली आमची चाळ पाडायचे ठरले, बिऱ्हाड हलवायला पंधरा दिवस उरले आणि आई म्हणाली, "मोरीतला नळ मला बरोबर हवा," तेव्हा मी बाह्या सरसावल्या आणि हिने निमूटपणे दोन बादल्या पाणी भरून ठेवले.

नळ पितळेचा, अर्ध्या इंचाचा, 1962 साली बसवलेला. त्याआधी चाळीच्या टोकाला सामाईक नळ होता. आई पहाटे उठून तिथे नंबर लावी. वडिलांनी बोनसाच्या पैशांतून मोरीत नळ घेतला तो माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. आता आईचे वय 86. दिसत जवळजवळ नाही; पण मोरीत शिरली की तिचा हात त्या नळावर अचूक पडतो.

"चरा पडता कामा नये हं!" तिने बजावले.

मी आधी खालची चावी बंद केली. एवढे एकच काम मी बरोबर केले. मग पाना लावून जोराचा हिसका दिला. नळ हलला नाही, पण भिंतीच्या आत काहीतरी करकरले. वरच्या दोन मजल्यांचे पाणी त्याच पाइपातून चढत होते आणि ती मंडळी अजून राहत होती. तरीही मी दुसऱ्या हिसक्यासाठी भिंतीला पाय लावला. तेवढ्यात ही मिस्त्रींना घेऊनच आली.

"थांबा काका!" मिस्त्री दारातूनच म्हणाले. "आणखी एक हिसका दिला असतात, तर नळ जागेवर राहिला असता आणि पाइप हातात आला असता!"

त्यांचे म्हणणे असे, की पितळ आणि लोखंड एकत्र ओले राहिले की झीज लोखंडाची होते. त्यावर चढलेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो आणि आटे आवळून धरतो. त्यात जुना सफेता आणि सुतळी वाळून दगड झालेली. इथे जोराचे काय काम?

त्यांनी सांध्यावर थोडे रॉकेल सोडले, बाहेरून एल्बोला लाकडी दांड्याने हलकेच टकटक केली आणि चक्क घरी निघून गेले! रात्रभर मी दोनदा उठून नळाकडे पाहून आलो.

सकाळी ते आले तेव्हा बंब मागवतील अशी माझी अटकळ होती. पण ज्योत लावायची नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. रॉकेल होतेच, शिवाय आतला वायसर जळाला असता. एल्बोला फडके गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतले, मग गार. पुन्हा उकळते, पुन्हा गार. पितळ लोखंडाहून सुमारे दीडपट फुगते, म्हणून तापताना आतला नळ उलट घट्टच होतो. निवताना मात्र तो जास्त आकसतो आणि मधला गंज तडकतो. इतकी वर्षे मी तापवले की सुटते एवढेच धरून चाललो होतो!

मग एक पाना मला दिला. "एल्बो धरा. तो तसूभरही फिरता कामा नये." नळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यांनी दुसरा पाना लावला आणि आधी किंचित आवळला! माझा जीव खालीवर झाला. मग उलटा, केसभर. पुन्हा आवळला. पुन्हा उलटा. कुठेतरी बारीक "टिक्" झाले. पुढचे आटे त्यांनी हातानेच सोडवले. एल्बोला बूच बसवले, चावी सोडली. वरच्या मजल्यावर बादलीत धार पडल्याचे ऐकू आले तेव्हा कुठे मी खाली बसलो.

आईने नळ मांडीवर घेतला आणि अंगठ्याने इंच इंच चाचपला. एका जागी अंगठा थांबला. मिस्त्री माझ्याकडे पाहू लागले, मी मिस्त्रींकडे.

"हा तुझा," आई म्हणाली. "तिसरीत होतास. आंघोळीला नको म्हणून बादली आपटली होतीस."

मग तिने नळाची मूठ दोनदा फिरवून पाहिली.

"वायसर बदलून घे रे. ठिबकतो तो."