‘नाही’ म्हणणारा पुत्र

चित्रपट दिग्दर्शकाची पारख करताना आपण श्रद्धावंत बहुधा दोन टोकांना जातो. एक तर वादग्रस्त नाव कानी पडताच दार लावून घेतो, नाहीतर कलावंत म्हणून त्याला सारे माफ करतो. या दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि इटलीचा पिएर पावलो पासोलिनी (१९२२–१९७५) त्या दोन्ही अडवून उभा राहतो.

हा कवी-कादंबरीकार स्वतःस मार्क्सवादी आणि अश्रद्ध म्हणवीत असे. १९६३ साली ‘ला रिकोत्ता’ या लघुपटातून राज्यधर्माचा अवमान केल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. पुढे अपिलात तो निकाल फिरला. याच माणसाने १९६४ साली मत्तयलिखित शुभवर्तमान पडद्यावर आणले आणि ते पोप जॉन तेविसावे यांच्या स्मृतीस अर्पण केले. ऑक्टोबर १९६२ मध्ये पोपमहाशय असिसीस आले, त्या वेळी तेथील एका कॅथलिक संस्थेत पाहुणा असताना त्याने खोलीतले शुभवर्तमान वाचून काढले. चित्रपटाचे बीज तेथे पडले.

या चित्रपटाचे बळ संयमात आहे. पासोलिनीने पदरचे संवाद घातले नाहीत. जवळजवळ सारे शब्द पवित्र ग्रंथाचेच ठेवले. चित्रीकरणासाठी दक्षिण इटलीतील मातेरासारखी दरिद्री ठिकाणे निवडली. प्रभूची भूमिका एन्रिके इराझोकी या एकोणीस वर्षांच्या स्पॅनिश विद्यार्थ्यास दिली, तर वृद्ध मरियामातेची स्वतःच्या आईस. उन्हाने रापलेले, सुरकुतलेले चेहरे प्रभूचे बोल ऐकताना दिसतात, तेव्हा डोंगरावरील प्रवचन मुळात कोणासाठी होते हे नव्याने उमगते. व्हेनिसच्या महोत्सवात त्यास आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिक लाभले; १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांतही त्याला स्थान मिळाले.

उणिवाही स्पष्ट आहेत. पासोलिनीचा ख्रिस्त झपाझप चालतो, कडाडून बोलतो. मुलांकडे पाहून तो हसतो खरा, पण श्रांत-भाराक्रांतांना विसावा देणारा प्रभू तेथे क्वचितच भेटतो. दिग्दर्शकाचा स्वतःचा संताप ख्रिस्ताच्या मुखावर उतरला आहे, असे आम्हांस वाटते. हाच संताप ‘सालो’ (१९७५) या अखेरच्या चित्रपटात बेलगाम होतो. फॅसिस्ट सत्तेची विकृती दाखविण्याचा हेतू योग्यच. परंतु तरुण देहांची विटंबना इतकी लांबविली आहे की निषेध मागे पडतो आणि प्रेक्षकाचे मन बधिर होते. तो चित्रपट कुटुंबाने पाहावा, असे आम्ही म्हणणार नाही. पहिला मात्र उपवासकाळात मुलांसह अवश्य पाहावा आणि नंतर त्यावर घरात बोलावे.

पासोलिनीची हत्या २ नोव्हेंबर १९७५ रोजी, मृतांच्या दिनी, ऑस्तियाजवळ झाली. मत्तयाच्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्यात जायला ‘नाही’ म्हणणारा एक पुत्र आहे. तो मागाहून कामाला गेला. पासोलिनी त्या मळ्यात गेला, एवढे तरी हा चित्रपट सांगतो. तो तेथे किती काळ राबला, हे मळ्याच्या धन्याने ठरवावे. आपण त्याच्या कृतीचा न्याय करावा आणि त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना.