काटा खोटे सांगतो तेव्हा

खलघाटास नर्मदा ओलांडून धामनोदवरून मानपूरकडे निघाले की विंध्याचा चढ लागतो. धार जिल्ह्यातील ह्याच चढावर आमच्या जुन्या जीपच्या बॉनेटखालून वाफ निघू लागली. उष्णतेचा काटा मात्र ‘थंड’वर स्वस्थ पडून होता. गाडीत लेकरेबाळे होती. पाइपास चीर पडून पाणी गळाले होते. काट्याने वेळीच सांगितले असते तर!

पाणी ओतीत ओतीत देवास गाठले. तेथे पाइप बदलला, पाणी भरून इंजिन तापविले. तरी काटा हलेना. मिस्त्रीने सेन्सरची तार काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकविली, तोच काटा ‘गरम’कडे धावला. तार व काटा निर्दोष, दोष सेन्सरचा. उष्णता वाढली की ह्या पितळी बोंडातील विद्युत्-रोध घटतो आणि काटा चढतो. इतकेच त्याचे काम.

इंजिन पूर्ण निवेपर्यंत मिस्त्रीने झाकणास हात लावला नाही. तापल्या रेडिएटरचे पाणी तोंडावर उसळते. नव्या सेन्सरच्या आट्यांवर त्याने टेफ्लॉनची पट्टीही गुंडाळली नाही, कारण एकतारी सेन्सरचा प्रवाह आट्यांतूनच इंजिनात उतरतो. मात्र पाणी उतरून सेन्सर उघडा पडला, तर नवाही फसवितो. म्हणून घाटाच्या दिवशी, पहाटे इंजिन गार असताना, झाकण उघडून मी पाणी पाहतो.