हवेतली ओल

अँथुरियम वॉरोक्वेआनम ही अळू आणि सुरण यांच्या कुळातील, कोलंबियाच्या पावसाळी अरण्यांत झाडांच्या खोडांवर वाढणारी वनस्पती असून तिची गडद हिरवी, मखमली आणि रुपेरी शिरांची पाने खाली लोंबतात, व जुन्या रोपाचे एखादे पान मीटरभराहूनही लांब होते. अशा वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात: ती झाडाचा केवळ आधार घेते, त्याचा अन्नरस घेत नाही, आणि तिची मुळे मातीत न शिरता शेवाळ, पाचोळा व मोकळी हवा यांत पसरतात. घरात वाढवताना ही मुळांची गोष्टच प्रथम विसरली जाते, आणि बंगळूरमध्ये प्रस्तुत लेखिकेच्या हातून पहिले रोप गेले ते त्यामुळेच. तांबडी माती आणि कोकोपीट यांच्या घट्ट मिश्रणात, रोज प्रेमाने पाणी मिळत असताना, ते मुळाशी कुजले.

दुसऱ्या रोपासाठी सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे बारीक चौकोन, लोणारी कोळसा आणि पर्लाइट, म्हणजे तापवून फुलवलेला ज्वालामुखीजन्य काचेचा हलका चुरा, असे भरड मिश्रण वापरण्यात आले. या मुळांभोवती मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो, जो पाणी झटकन शोषून घेतो, पण त्यानंतर त्याला वाहती हवा लागते. भरड मिश्रणात पाणी खाली निथळते आणि मुळांना तो श्वास मिळतो.

मुळे सावरली तरी पानांचा प्रश्न उरलाच. समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीवरील बंगळूरचे तापमान या वनस्पतीला मानवते, म्हणून या शहरात काहीही रुजते असा समज दृढ आहे. मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमधील दुपारची हवा इतकी कोरडी होते की उलगडणारे कोवळे पान कडेने वाळते, क्वचित आवरणातच अडकून फाटते, आणि ती जखम पान असेपर्यंत राहते. त्यावर पाणी फवारण्याचा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय लेखिकेच्या अनुभवात निरुपयोगी ठरला, कारण फवाऱ्याची ओल थोड्याच वेळात उडून जाते आणि पाण्यातील क्षारांचे पांढरे ठिपके मात्र पानावर उरतात. पानाची मखमल हे केस नसून पृष्ठभागावरील शंकूसारख्या उंचावलेल्या पेशी असतात, त्यामुळे हे ठिपके पुसताना झळाळीही जाते.

मार्च 2024 मध्ये पाणीटंचाई तीव्र झाल्यावर बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने बागकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि 5,000 रुपये दंड ठरवला. सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून आणलेले कावेरीचे पाणी शोभेच्या पानांवर उडवणे योग्य नव्हतेच, आणि त्या आदेशाने ते लेखिकेला नीट उमगले. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अनेक घरांत कुंड्यांना घातले जाते, परंतु त्यात क्षार एकवटलेले असल्याने या रोपासाठी ते घातकच. उरले होते मागील पावसाळ्यात गच्चीवरून साठवलेले दोन कॅन पाणी.

तेव्हा घरातील जुनी काचेची शोकेस रिकामी करून, तळाशी खडे व त्यांत बोटभर पाणी ठेवून, रोप खड्यांवर मांडण्यात आले. हे तत्त्व जुनेच होते: लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांना 1829 मध्ये बंद बाटलीत नेचे उगवलेले आढळले, आणि 1833 मध्ये त्यांनी अशाच काचेच्या पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचवली. पेटीत बाष्प बनलेले पाणी रात्री काचेवर जमून पुन्हा तळाशी उतरते, म्हणून भर फार थोडी घालावी लागते. हवा कोंडून बुरशी धरू नये यासाठी सकाळी अर्धा तास दार उघडे ठेवले की पुरते. संपूर्ण एप्रिल महिन्यात कुंडीला दर आठ-दहा दिवसांनी वाटीभर पाणी लागले, आणि महिनाअखेरीस त्या रोपाचे पहिले अखंड पान, टोकापर्यंत ओलसर आणि मऊ, काचेमागे उलगडले.