खटका का पडतो?

वैशाखातील बऱ्हाणपूर ज्याने अनुभविले आहे, त्यास कूलरची थोरवी सांगावयास नको. गतवर्षी मात्र ऐन दुपारी आमच्या घरी नवेच संकट उभे राहिले. कूलर सुरू करावा, वाळ्याच्या ताट्या भिजून घटकाभर गारवा यावा, आणि मीटरजवळील ईएलसीबीचा खटका पडून सारे घर निःशब्द व्हावे! आजी म्हणाली, "दृष्ट लागली रे कुणाची!" शेजारच्या काकांनी तोडगा सुचविला, "खटका काढून तारा थेट जोडा, कटकटच नको." बाबांनाही ते पटू लागले.

आम्ही विज्ञानाच्या सरांकडे धाव घेतली. ते म्हणाले, "फेजने जेवढा प्रवाह घरात जातो, तेवढाच न्यूट्रलने परतावयास हवा. खटक्यात या दोन्ही तारा एकाच कड्यातून जातात. जमाखर्च जुळला, तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांस मिटवितात. सुमारे ३० मिलिअँपिअरची तूट आली, की खटका क्षणार्धात पडतो. ही तूट छताच्या पंख्याच्या प्रवाहाचा जेमतेम दशांश. पण जीव घेण्यास तेवढीही पुरे होऊ शकते."

तूट येते कोठून? विरलेल्या तारेतून, गीझरच्या फुटलेल्या कॉइलमधून, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून वीज जमिनीत झिरपते. १६१५ च्या सुमाराचा आपला कुंडी भंडारा आम्हांस आठवला. तेथे सातपुड्याचे पाणी भुयारात झिरपले, म्हणून शहर जगले. येथे वीज झिरपली, तर माणूस दगावतो!

घरी येऊन आम्ही सर्व प्लग काढले आणि एकेक लावीत गेलो. पंखा झाला, फ्रिज झाला. खटका ढळला नाही. कूलर लावताच तो पडला. वायरमनने मेन बंद करून कूलर उघडला. पंपाच्या तारेचे आवरण विरून ती ओल्या पत्र्यास टेकली होती. अर्थिंगची तार तर केव्हाच तुटली होती.

आमची धाकटी बहीण रोज त्याच पत्र्यास हात टेकून, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कूलरमध्ये पाणी ओतीत असे. हे आठवताच बाबा मटकन खाली बसले. काकाही काही बोलले नाहीत.

आता महिन्यातून एकदा खटक्यावरील 'टेस्ट'चे बटण दाबून पाहण्याचे काम आमच्याकडे आहे. खटका पडला, तर आम्ही त्याच्यावर रागावत नाही. त्याने काय पाहिले, ते शोधतो.